सिंधूवहिनीचं पुडकं

गेल्या महिन्यात एके सकाळी सचिनचा फोन आला. "आत्या, आई गेली गं." माझे हात कणकेत होते, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. "कुठं? केंदूरला?" मी विचारलंसुद्धा. कारण सिंधूवहिनी कायम कुठंतरी गेलेलीच असायची. माहेरी केंदूरला, नाहीतर यवतच्या बाजाराला, आणि बाजाराला आली की हमखास माझ्याकडे. सचिन पलीकडून काहीच बोलेना, तेव्हा कळलं. झोपेतच गेली होती... आणि नुकतीच तर ती माझ्या दारात उभी होती, रद्दी मागायला. "वन्सं, तुमच्याकडचा पेपर मला लई आवडतो," म्हणाली होती, "फाडताना आवाज झ्याक येतो."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, नारायणअण्णाची बायको. लग्न होऊन कासुर्डीला आमच्या घरी आली तेव्हा मी दहावीत होते. वरात दारात आली, बायकांनी उंबऱ्यावर वाट अडवली आणि "नाव घ्या, नाव घ्या" सुरू झालं. आमच्याकडच्या नवऱ्या तेव्हा खाली मान घालून, आईनं पाठ करून घेतलेला उखाणा पुटपुटत. हिनं मान वर केली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "कासुर्डीच्या वाटेवर टेम्पो झाला पंक्चर, नारायणराव ढकलत होते, मीच होते कंडक्टर!" टेम्पो खरोखरच वाटेत बसला होता आणि अण्णानं तो खरोखरच ढकलला होता. बँडवाले हसले, अण्णा लाजला. आमचे वडील, आबा, तेवढे हसले नाहीत. "पोरगी बोलकी हाय," एवढंच म्हणाले आणि आत गेले. आबांच्या तोंडून ही तक्रार होती की कौतुक, ते कुणालाच कळलं नाही.

पुढं गावातली प्रत्येक होणारी नवरी वहिनीकडे यायला लागली. वहिनी भाकरी थापता थापता तिला विचारायची, "रागीट हाय का गं तो? चहा कसा पितो? घोरतो का?" आणि तवा उतरायच्या आत उखाणा तयार. तयार कपड्यांसारखा नाही, मापं घेऊन शिवलेला.

मग अण्णा गेला. हायवेवर, मोटारसायकलवरून येताना. सचिन चौथीत होता, पल्लवी त्याहून लहान. काही महिन्यांनी शेजारच्या घरी लग्न होतं. हळदीच्या संध्याकाळी बायका गोल बसल्या, एकेकीनं नाव घ्यायला सुरुवात केली. मी वहिनीच्या शेजारीच होते. पाळी फिरत फिरत आमच्यापाशी आली, क्षणभर अडखळली... आणि वहिनीला ओलांडून माझ्यावर आली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. रीतच तशी होती. वहिनी शांतपणे उठली आणि "मी चहाचं बघते" म्हणून आत गेली. त्यानंतर तिनं यमक जुळवणंच सोडलं. पोरी यायच्या, तर म्हणायची, "आता न्हाई सुचत गं बाई."

पल्लवीचा सहावा वाढदिवस आला तेव्हा अण्णाचं वर्ष झालं नव्हतं. घरात गोडधोड नाही, हसणं नाही. पल्लवी मात्र सकाळपासून कोपऱ्यात फुगून बसलेली. मी दुपारी पोचले, तर वहिनी रंगीत खडूंची पेटी पेपरात गुंडाळत होती. एका कागदावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि प्रत्येक घडीत एक चिठ्ठी, एक लिमलेटची गोळी. पुडकं कोबीएवढं झालं होतं. आबा दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई, अजून वरीस झालं न्हाई."

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आबांपुढं ती कधी उलटून बोललेली मी पाहिली नव्हती. "आबा, पोरगी सा वर्साची हाय," ती म्हणाली, "तिला वाढदिवस कळतो. वरीस न्हाई कळत."

आबा पडवीत जाऊन बाजेवर बसले.

आळीतली पोरं गोळा झाली. वहिनी भिंतीकडे तोंड करून उलथन्यानं परात वाजवू लागली. परात वाजतेय तोवर पुडकं हातोहात फिरवायचं. ती थांबली की ज्याच्या हातात असेल त्यानं एक कागद फाडायचा, गोळी खायची, चिठ्ठी मोठ्यानं वाचायची आणि चिठ्ठीत ज्याचं वर्णन असेल त्याला हुडकून पुडकं द्यायचं. "शाळेला निघताना दुखतं ज्याचं पोट, त्याच्याकडं पुडकं द्या, धरून त्याचं बोट!" सगळी पोरं एका सुरात सचिनच्या नावानं ओरडली. "दोन वेण्या, लाल रिबीन, नाकावर राग, तिच्याकडं द्या पुडकं, न्हाईतर लागंल आग!" कोपऱ्यातली पल्लवी उठलीच. मग एक चिठ्ठी सचिननं उघडली आणि वाचता वाचता घाबरला. "वाच की," वहिनी भिंतीकडे बघतच म्हणाली. सचिननं चाचरत वाचली : "बाहेरनं कडक, आतनं गोड, गुळाचाच खडा, मिशीत आधी हसला तरच पुढचा कागद फाडा!"

सगळी पोरं पडवीकडे वळली. पल्लवी पुडकं घेऊन बाजेपाशी गेली आणि आबांच्या मिशीकडे अगदी जवळून, डोळे बारीक करून बघायला लागली. आबांनी ओठ घट्ट मिटले. मान फिरवली, तर पल्लवी त्या बाजूला गेली. शेवटी मिशी थरथरली... आणि आबा हसले. हसता हसता डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं, आणि पल्लवीच्या हातातून पुडकं घेऊन कागद टराटरा फाडला. अण्णा गेल्यानंतर त्या घरात कुणी पहिल्यांदा हसलं असेल तर ते आबा.

तिथून वहिनीचं यमक पुन्हा सुटलं. वाढदिवस कुणाचाही असो, पुडकं कासुर्डीतून जायचं. इंग्रजी शाळेतली नातवंडं त्याला "पासिंग द पार्सल" म्हणायची. वहिनी म्हणायची, "पार्सल पोस्टात जातं, हे घरात फिरतं." गुऱ्हाळावर उत्तरेकडून आलेल्या कामगारांची पोरंही येऊन बसायची. त्यांना मराठी चिठ्ठ्या कळेनात, तर हिनं सरळ भाषाच मोडली : "गुऱ्हाळवाला छोटू आया, हाथ में उसके ऊस, पुडकं त्याला देऊन टाका, होऊ नका कंजूस!" तो छोटू इतका हसला की त्याला ठसका लागला. तिचं हिंदी ऐकून यूपीची माणसंही जागच्या जागी थबकायची, पण काम भागायचं.

पल्लवीच्या लग्नात हळदीच्या दिवशी आम्ही बायका मांडवात बसलो होतो. तेव्हा नवरीनंच सगळ्यांपुढं एक पुडकं आणून ठेवलं. आईला न सांगता तिनं ते बांधलं होतं आणि चिठ्ठ्याही तिच्याच. मामी, मावश्या, विहीणबाई, सगळ्यांच्या खोड्या निघाल्या. फिरत फिरत पुडकं माझ्याकडे आलं. मी कागद फाडला आणि मोठ्यानं वाचलं : "जगाला उखाणे वाटले, स्वतः बसली गप, नाव घेतल्याबिगर तिला चहाचा न्हाई कप!"

सगळ्या हसायला लागल्या... आणि मग कुणासाठी आहे हे लक्षात येऊन एकेक गप्प झाली. मी पुडकं वहिनीच्या मांडीवर ठेवलं. ती उठायला लागली, तशी पल्लवीनं हळदीच्याच हातांनी तिचा हात धरला. "आई, बस. चहाचं दुसरं कुणीतरी बघंल."

"अगं, विधवा बाई मी..."

"अण्णांचं नाव बदललं का मग?" पल्लवी म्हणाली.

वहिनीनं पुडकं मांडीवरून खाली ठेवलं. विहीणबाईच पुढं सरकून म्हणाल्या, "घ्या ओ ताई. आमाला बी ऐकू द्या." मग वहिनीनं मान वर केली, उंबऱ्यावर केली होती तशीच. "इतकी वर्सं नारायणरावांचं नाव ठेवलं पोटात," ती म्हणाली. पल्लवीकडं बघून तिनं पुढं म्हटलं, "लेक निघाली सासरी, आन् आज आलं ओठांत."

मांडवात एवढा गलका झाला की बाहेरचे पुरुष काय झालं म्हणून धावत आले. माझ्या पलीकडं एक म्हातारी चुलती बसली होती, ती स्वतः विधवा. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता माझी पाळी." त्या संध्याकाळी मांडवातल्या एकाही बाईला ओलांडून पाळी पुढं गेली नाही.

गेल्या रविवारी मी कासुर्डीला गेले होते. सचिनच्या मुलीचा, ओवीचा वाढदिवस होता. वहिनीचं सुतक फिटलं होतं तरी सगळ्यांचा पाय अडखळत होता. मग म्हटलं, पुडकं मीच बांधावं. बांधणं जमलं, चिठ्ठ्यांनी मात्र घाम फोडला. पोरं पडवीत गोल बसली, मी परात वाजवली, थांबवली. ओवीनं कागद फाडला आणि वाचलं : "खिशात चिंचा, गुडघ्याला माती, पळण्यात पहिला नंबर, त्याच्याकडं हे पुडकं द्या..." तिनं चिठ्ठी उलटीपालटी केली. "आज्जी, पुढं कायच न्हाई!"

"पुढचं मला जुळलंच नाही गं," मी म्हटलं.

ओवीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पुडक्याकडं. मग उठून उभी राहिली आणि ओरडली, "न्हाईतर आज्जीची मोडंल कंबर!"

पोरं हसून लोळली, पुडकं चिंचेवाल्याच्या अंगावर जाऊन आदळलं, आणि मी भिंतीकडं तोंड करून पुन्हा परात वाजवायला घेतली.