बटण दाबायची भीती

हसणाऱ्या माणसांपेक्षा घाबरलेली माणसं जास्त किस्से देतात. आमच्या ठाण्याच्या ऑफिसात चहाला चार जण उभे राहिले की कोण कधी किती घाबरलं, हाच विषय निघतो. मग एकाला दुसरा आठवतो, दुसऱ्याला तिसरा. चहा गार होतो, किस्से संपत नाहीत.

आमची कंपनी छोटी. आम्ही मार्केट रिसर्चवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे घरोघर जाऊन 'कुठला चहा पिता, का बदललात' असं विचारून जी उत्तरं जमतात, ती आमच्या स्क्रीनवर आणायची आणि त्यातून टक्क्यांचं टेबल काढायचं. पूर्वी रिसर्चर हे टेबल स्वतः काढत नसत, त्यासाठी वेगळा विभाग असायचा. आता ते ज्याचं त्याला जमावं, ही आमची खटपट.

माझं काम त्यांच्या मागे बसायचं. खरंच! वापरणारा माणूस स्क्रीनसमोर, मी मागच्या खुर्चीत. तो कुठे अडतो, कुठे हात मागे घेतो, ते टिपायचं. आणि बोलायचं नाही. आपण बोललो की माणूस स्क्रीन सोडून आपल्याकडे बघायला लागतो.

आमच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटने टेबलांचा विभाग बंद करायचं ठरवलं होतं. त्याच कंपनीत घरोघर फिरून उत्तरं आणणाऱ्या माधवीताई होत्या. रिटायरमेंट जवळ आलेली, सगळा जन्म कल्याण-डोंबिवलीच्या जिने चढण्यात गेलेला, माउसला हात कधी लावलेला नाही. आमचा मालक नीलेश उत्साहाच्या भरात त्यांच्या साहेबांना म्हणाला, "माधवीताईंना जमलं तर सगळ्यांना जमेल!" साहेब म्हणाले, "मग त्यांचीच परीक्षा घेऊ." जमलं नाही तर ताई घरी. आणि आमचं कामही गेलं.

त्या दिवसापासून नीलेश गोळ्या खायला लागला. ॲसिडिटीच्या.

*

पहिल्यांदा बसवला होता तो मुंबईचा एक हुशार मुलगा. त्याने स्क्रीन पाहिली, हात माउसवर ठेवला, उचलला.

"दाबू?" मी गप्प.

"मॅडम, दाबू का?" मी गप्पच.

त्याने घाम पुसला, मोबाइल काढला आणि बाहेर बसलेल्या नीलेशला हळू आवाजात फोन लावला. "सर, आत ज्या मॅडम बसल्यात ना, त्या हलत नाहीयेत. त्यांना बरं आहे ना?"

*

टेबल काढायचं बटण नीलेशने लालभडक केलं होतं. "उठून दिसतं, मॅडम!" उठून इतकं दिसलं की ते कुणी दाबेचना. एक मुलगी तर खुर्ची मागे सरकवून बसली.

मी नंतर विचारलं, "का गं?"

"मी डोंबिवलीची आहे, मॅडम. आमच्याकडे एमआयडीसीत केमिकल कंपनीचा लाल दिवा लागला की आधी खिडक्या लावायच्या, मग विचारायचं!"

दुसऱ्या दिवशी बटण निळं झालं.

*

पुढचा किस्सा सांगताना आमच्यात अजून कुणी मोठ्याने हसत नाही.

एका शाम्पूचं काम होतं. रिसर्चर मुलीने सहज बघायला म्हणून 'वय साठच्या वर' असा फिल्टर लावला आणि काढायचा विसरली. पुढचा सगळा रिपोर्ट फक्त आजी-आजोबांचा निघाला. शहराची मुख्य तक्रार काय, तर 'बाटली हातातून निसटते'! कंपनीवाल्यांनी बाटलीचा आकार बदलायच्या मीटिंगा सुरू केल्या. भर मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "यात तरुण एकही कसा नाही?"

त्या मुलीने तिथेच लॅपटॉप मिटला. आमचं सॉफ्टवेअर तिने परत कधी उघडलं नाही.

मग मी स्क्रीनच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी टाकली. फिल्टर लागला की ती म्हणते, 'तुम्ही आत्ता सगळ्यांना बघत नाही आहात.'

नीलेश म्हणाला, "मॅडम, हे सॉफ्टवेअर आहे की कीर्तन?"

पट्टी राहिली.

*

माधवीताई सरावाला पहिल्यांदा आल्या, तेव्हा प्रत्येक बटण दाबण्याआधी पर्समधून मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो घ्यायच्या. मग बटण. मग पुन्हा फोटो. एका टेबलाला अख्खी दुपार गेली.

"फोटो कशाला, ताई?" नीलेशने विचारलं.

"मेलं काही बिघडलं तर आधी कसं होतं ते दाखवता येईल ना! नाहीतर म्हणाल, माधवीने मोडलं."

नीलेशने रात्रंदिवस खपून 'मागे जा' नावाचं मोठं बटण बसवलं. एक दाबलं की आधीचं सगळं जसंच्या तसं. ताईंना कौतुकाने दाखवलं.

ताईंनी त्याचाही फोटो घेतला!

*

याच माधवीताई एकेकाळी कल्याणजवळच्या मोहन्याच्या चाळींतून एकट्या फिरलेल्या. शीळफाट्याला एका बंगलेवाल्याने यांच्या अंगावर कुत्रा सोडला होता, तर या त्याच्याच पायरीवर बसून राहिल्या. शेवटी त्याने कुत्रा बांधला, पाणी दिलं आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरंही दिली.

"मग ताई, याला काय घाबरता?" नीलेशने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"अरे, कुत्रा भुंकून सांगतो तरी! हे तुझं गप्प राहून चावतं."

नीलेशचा चेहरा पडला. पण त्या आठवड्यात आम्ही स्क्रीनला बोलतं केलं. टेबल तयार होत असताना खाली ओळ यायला लागली, 'काम चालू आहे. काहीही पुसलं जात नाही.'

*

पुसण्यावरून आठवलं. सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या सूचना मी लिहिते. 'हे कायमचं पुसलं जाईल. नक्की?' हीसुद्धा माझीच.

आमचे हे गेले, त्यानंतर काही महिन्यांनी मी मोबाइलमधले जुने नंबर काढून टाकत बसले होते. यांच्या नावावर बोट पडलं आणि फोनने मला तेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्यावर मी 'राहू दे' हे बटण 'पुसा'च्या दुप्पट करून घेतलं.

नीलेश म्हणाला, "एवढं मोठं कशाला?"

"लागतं लोकांना," म्हटलं.

*

परीक्षेच्या दिवशी साहेब स्वतः आले. माधवीताई इस्त्रीची साडी नेसून, ओठ घट्ट मिटून स्क्रीनसमोर बसल्या. मी माझ्या खुर्चीत. काम सोपं होतं. कल्याणात चहाचा ब्रँड कुणी बदलला आणि का, त्याचं टेबल.

ताईंनी माउसवर हात ठेवला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "नाही. सगळे बाहेर. ऑफिसात यांच्या मागे कोण बसणार आहे?"

मला उठावं लागलं. ताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. नीलेशने माझ्यामागून दार लावलं.

आम्ही काचेबाहेर उभे. आत ताई मांडीवर हात ठेवून बसलेल्या. हलत नाहीत. स्क्रीन हलत नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. नीलेश माझ्या कानाशी आला, "हँग झालं वाटतं!"

"कोण? सॉफ्टवेअर की ताई?"

"मॅडम, प्लीज, आत्ता नको!" त्याने खिशात गोळी चाचपली.

मग ताई उठल्या. मला वाटलं, संपलं, निघाल्या. नीलेशने डोळेच मिटले. पण ताईंनी टेबलावरची आपली पर्स उचलली, माझ्या रिकाम्या खुर्चीत नीट टेकवून ठेवली. तिच्याकडे बोट करून काहीतरी बोलल्या. काचेतून ऐकू येईना. मग परत जागेवर बसल्या आणि बटण दाबलं.

पिवळी पट्टी आली. ती त्यांनी पुटपुटत वाचली, मान हलवली, पुढे गेल्या. एकही फोटो नाही. टेबल आलं.

साहेब आत गेले. स्वतःकडच्या कागदाशी एकेक आकडा ताडून पाहिला. आम्ही दारातच उभे. शेवटचा आकडा जुळला तसा त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

"छान. पण मघाशी तुम्ही बोललात कुणाशी?"

ताई पर्स उचलत होत्या.

"कुणाशी कुठे! पर्सला म्हटलं, तुम्ही फक्त बसा. बोलू नका."