जोएलची खाऱ्या पाण्याची टाकी

नेवाशाजवळच्या गावात जोएलने चाळीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या वेल्ड केल्या आणि साठीत एकच हट्ट धरला, घरात समुद्र आणायचा. आठ फुटी काचेची टाकी, जिवंत प्रवाळ, निळे मासे, दर आठवड्याला बदलायचं दोनशे लिटर खारं पाणी, सगळं त्याने चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखलं.

टाकी आली त्याच दुपारी थोरला भाऊ सत्यवान पहार घेऊन घरात शिरला.

"घाण पानी सोडनार कुठं रे, समुद्रवाल्या?"

"मोरीत, दादा."

"मोरीचं पानी माझ्या हिरीत मुरतंय! निम्मं रान आधीच खारावलंय, उरलेलं तू मार!"

पहार काचेवर बसली. अडवायला गेलेल्या जोएलच्या दंडात काच घुसली. रक्ताळल्या हातानेच त्याने भावाच्या तोंडावर गुद्दा हाणला. सत्यवानने त्याला भिंतीवर आपटलं.

नऊ टाके पडले. बायको मरियम म्हणाली, "पोलिसात चला."

जोएल कॅलेंडर बघत बसला. मासे काय खातील, तेसुद्धा त्यात होतं. मोरीपुढे पाणी कुठे जातं, तेवढंच नव्हतं. त्याने पुढचं पान उलटलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर टाकीच्या आधी सत्यवानची विहीर रेखाटली.