नवसागराचा डबा

माझ्या धाकट्या भावाने, वसंताने, मला फसवलं. भांड्यांचं दुकान आम्ही दोघांनी उभं केलं आणि त्याने मला न सांगता जागा स्वतःच्या नावावर करून घेतली.

आज माझ्या नव्या गाळ्यात कल्हईच्या नवसागराचा डबा धुवायला घेतला. तळाशी उरलेल्या खड्यांवर पाणी ओतलं आणि ते विरघळता विरघळता डबा हातात गार पडला. बायको म्हणाली, "आता डोकंही बुडवा त्यात."

शाळेत शिकलेलं आठवलं. खड्यातले विरुद्ध विद्युतभाराचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सोडवायला ऊर्जा लागते. पाणी त्यांना वेढून घेतं तेव्हा काही ऊर्जा परत मिळते, पण नवसागराच्या बाबतीत ती पुरत नाही. कमी पडते ती पाण्याच्या स्वतःच्या उबेतून जाते. मी जन्मभर घासाघीस करत आलो, पण असा सौदा कधी मान्य केला नसता. सुटायचं खड्याने आणि भरपाई करायची पाण्याने!

कॉस्टिक सोडा टाकला तर हेच पाणी चटका देतं. मी त्या जातीचा, भांडलो, तापलो. आता त्याचाही कंटाळा आला आहे.

आई वसंताकडे असते. पूर्वी मी दारात दिसलो की म्हणायची, "आला गं बाई भांडखोर, चहा ठेवा." काल गेलो तर "बस" एवढंच म्हणाली आणि मान फिरवली. वसंताशीही ती हल्ली एवढंच बोलते.

वसंता, जागा तुलाच राहू दे. पण आपल्या फाटण्याची किंमत आईने का मोजायची, याचं उत्तर तू दे. तिच्यासमोर बसून दे.