मर्लचा डबा

आमच्या शेजारची एल्डा तशी शांत बाई. पण त्या शनिवारी तिचा आवाज थेट माझ्या स्वयंपाकघरात आला.

त्यांच्या जुन्या पिकअपचा सायलेन्सर, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजून त्याला भोक पडलं होतं. तिच्या नवऱ्याने, मर्लने, त्या भोकावर घेवड्याचा रिकामा पत्र्याचा डबा कापून पट्ट्यांनी आवळला होता. एक डबा फाटला की दुसरा, आणि वर "फुकटात काम!" ही फुशारकी.

त्या दिवशी नात टेसा गाडीतून उतरली ती डोकं धरूनच. "आजी, मळमळतंय गं." धूर आत येत होता.

"पोरीच्या नाकात विष घालतोस आणि वर हसतोस?" एल्डा कडाडली.

"अगं, गॅरेजवाला धुराची सगळी नळीच बदला म्हणतो. नऊशे डॉलर!"

"नळीला काय धाड भरलीय? सायलेन्सर गंजलाय, तेवढाच बदलू."

"माझा डबा अजून वर्षभर टिकेल."

"मग त्यातच जेव!"

ती दुकानातून साधा, स्वस्तातला सायलेन्सर घेऊन आली. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवून स्वतः खाली शिरली, गंजलेला भाग कापला, नवा बसवून पट्ट्या आवळल्या. मर्ल हाताची घडी घालून बघत राहिला.

संध्याकाळी टेसाला घेऊन ती लांब चक्कर मारून आली. पोरीचं डोकं दुखलं नाही. देवाची कृपा.

एल्डाचा राग मात्र उतरला नाही. रविवारी चर्चमध्ये ती मर्लशेजारी बसली, पण नेहमीसारखं आपलं भजनाचं पुस्तक त्याच्यापुढे धरलं नाही.