दोन तारांची वीज

आरोंद्याला वीज येणार असं नुसतं ठरलं, तेवढ्यात आमच्या यजमानांनी भातगिरणीचं तेलाचं इंजिन विकून टाकलं आणि बेळगावहून विजेची मोटार आणली. साठ सालानंतरची गोष्ट. खांब अजून आमच्या वाडीपर्यंत यायचे होते. मी म्हटलं, जरा थांबला असतात. ते ऐकणाऱ्यांतले नव्हतेच.

वीज आली, घरात दिवे लागले. मोटार मात्र फिरेना. वायरमननं सांगितलं, ही तीन फेजची मोटार, हिला वीज आणणाऱ्या तीन तारा लागतात. तुमच्या वाडीत सिंगल फेज आलीय. एक तार वीज आणणारी, दुसरी परतीची. दिव्याला, पंख्याला ती पुरे, गिरणीला नाही. यजमानांना हे पटेना. "घरात दिवो पेटता, मगे मोटार कित्याक फिरणा नाय?" हा प्रश्न त्यांनी वायरमनला, मला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना विचारला. बायका उकड्या भाताची ओझी घेऊन येत आणि तशीच परत नेत.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सातवी शिकलेली. चार अर्ज झाले, उत्तर एकाचंही नाही. शेवटी मीच सावंतवाडीच्या कचेरीत गेले. साहेब म्हणाले, बाई, वीज मिळाली ना, मग तक्रार कसली? शुद्ध मराठी घोकून गेले होते, ती तिथल्या तिथे विसरले.

"सायबानू, दिव्यान भात कांडूक येता काय?"

सुगी उलटून गेल्यावर तीन फेज आली. मोटार फिरली, पण उलटी. मी कपाळाला हात लावला. वायरमननं दोन तारांची अदलाबदल केली, तेव्हा ती सुलट फिरायला लागली.

त्या पावसाळ्यात फांदी पडून तिनांतली एक तार तुटली. घरातला दिवा दुसऱ्या तारेवरचा, तो जळतच होता. तेवढं बघून यजमानांनी बटण दाबलं. मोटार जागच्या जागी गुरगुरत राहिली आणि मी ओरडेपर्यंत धूर निघाला. आतली तार जळली होती. मोटार कुडाळला पाठवून ती नव्यानं गुंडाळून घ्यावी लागली. गिरण पुन्हा महिनाभर बंद.

मोटार परत आली तेव्हा मी भिंतीवर तीन बल्ब लावून घेतले, प्रत्येक तारेवर एक. तिन्ही पेटलेले दिसले तरच बटणाला हात लावायचा, असं यजमानांना बजावलं. दोन दिवस ते बल्बांकडे न बघताच बटण दाबत राहिले. तिसऱ्या दिवशी बटण दाबण्याआधी त्यांनी मान वर करून बल्ब पाहिले, आणि मी दारात उभी आहे हे लक्षात येताच कौलं बघत असल्यासारखं केलं.