पाहुणीकडून भाडं

घरी राहायला आलेल्या मुलीकडून राहण्या-जेवणाचे पैसे घे, असं मला पुण्यात कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावूनच घराबाहेर काढलं असतं. इथे न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थमध्ये मात्र ते मी केलं, आणि तेही बास्केटबॉलपायी.

खरं तर माझा आणि बास्केटबॉलचा काही संबंध नव्हता. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणारी बाई. लेक क्लबच्या छोट्या संघात खेळायची आणि मला नुसतं बाकावर बसवत नाही, म्हणून मी आधी स्कोअर लिहायला लागले, मग कमिटीत शिरले. दोन वर्षांत मोठ्या बायकांच्या संघाची सगळी कागदपत्रं माझ्या गळ्यात आली. तक्रार नाही. कागद नीट ठेवायला मला मनापासून आवडतं.

त्या वर्षी आमच्या संघात एक एकोणीस वर्षांची मुलगी आली. पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातली, सहा फुटांपेक्षा जराशीच कमी, आणि चेंडू हातात आला की अशी सुटायची की मी स्कोअर लिहायचं विसरायचे. तिला राहायला जागा हवी होती. आमची मागची खोली रिकामीच होती. 'ये' म्हटलं. पैशांचा विषय तिनं दोनदा काढला, मी दोन्ही वेळा उडवून लावला. सकाळी नाश्ता, बरोबर डबा, प्रॅक्टिसहून आल्यावर गरम थालीपीठ. लेक तर तिच्या मागे मागेच असायची.

सीझन संपला आणि ऑकलंडच्या एका क्लबनं तिला बोलावणं धाडलं. आमचा मॅनेजर, म्हणजे दिवसा प्लंबिंग करणारा एक शांत माणूस, घाबराघुबरा झाला. लीगची सॅलरी कॅप असते. अख्ख्या संघाचे पगार मिळून एका ठरावीक रकमेच्या वर जाता कामा नये. त्यानं इकडून तिकडून जुळवून तिला कॅपमध्ये बसेल तेवढी पगारवाढ देऊ केली. वर एक डॉलरचीही जागा उरली नाही.

तिच्या कराराचा लीगला पाठवायचा फॉर्म मी भरला. त्यात एक रकाना होता: क्लबमधल्या कुणाकडून खेळाडूला काही फुकट मिळतं का? मी अभिमानानं लिहिलं: खोली, दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, डबा. थालीपीठसुद्धा लिहिलं.

चार दिवसांनी मॅनेजरचा फोन. "थालीपीठ म्हणजे काय असतं?" त्यानं विचारलं. मी कौतुकानं कृती सांगू लागले तर तो म्हणाला, "लीगनं ते सगळं पगारात धरलंय. तुम्ही कमिटीवर आहात ना. आपण कॅपच्या वर गेलो."

मी कपाळावर हात मारला. माझ्याच हातानं मी त्या पोरीची वाट अडवली होती. मग माझं डोकं फिरलं. पोटभर जेवू घालणं हा गुन्हा कधीपासून झाला, असं मी त्या बिचाऱ्याला दहा मिनिटं ऐकवलं.

"सोपं आहे," तो शेवटी म्हणाला. "बाजारभावानं बोर्ड घ्या तिच्याकडून. राहण्या-जेवणाचे पैसे. माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे, तोही मला देतो."

"स्वतःच्या पोराकडून घेता?"

"हो. का?"

मी शक्कल लढवली. "बरं, घेते. बाजूला साठवते आणि वर्षअखेरीला तिला परत देते."

"म्हणजे पुन्हा तेच झालं," तो म्हणाला, "आणि वर लबाडी."

दोन दिवस मी तिच्याकडे विषय काढायचा टाळला. एक तर लाज वाटत होती. त्यात भीती अशी, की ऑकलंडवाले जास्त पगार देतायत आणि इथे आम्ही आहे त्यातलाच काढून घेतोय, मग ती कशाला थांबेल? रविवारी शेवटी धीर केला. शिरा पुढ्यात ठेवला आणि कशीबशी एका दमात सगळं सांगून टाकलं.

ती चमचा हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "किती?"

मी आकडा सांगितला. तिचा चेहरा खुलला.

"आंटी, कामाला लागल्यापासून मी आईला बोर्ड द्यायचे," ती म्हणाली. "पाहुणे देत नाहीत फक्त. इथे वर्षभर मला साधं टोस्ट करून घ्यायलासुद्धा अवघडल्यासारखं व्हायचं."

मला वाटत होतं मी तिला घरच्यासारखं ठेवलंय. ऐकून वाईटच वाटलं.

"मग ऑकलंडचं काय?" मी विचारलं.

"विचार करतेय."

गुरुवारी तिचे पैसे माझ्या खात्यात जमा झाले. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर पॅसेजभर चिखल, मध्यात तिचे भलेमोठे बूट, आणि ओला टॉवेल चक्क माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर. दमलेली होते, माझा तोल गेला. "हे काय घर आहे की धर्मशाळा? उचल आधी ते सगळं!" मी मराठीतच कडाडले. लेक खोलीतून पळत आली आणि कुजबुजली, "मम्मा, शी इज अवर गेस्ट!" तेव्हा कुठे मला भान आलं आणि मी जीभ चावली.

ती मात्र मुकाट्यानं आली, बूट उचलले, फरशी पुसली. टॉवेल वाळत घालताना तिनं आईला फोन लावला. मी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी होते.

"नाही मम, ऑकलंडला नाही जात," ती हसत सांगत होती. "इथेच राहतेय. आज आंटी माझ्यावर ओरडली."