बुंध्याची गाठ

झाडावर चढणाऱ्याला माणसांची जेवढी घाण दिसते, तेवढी गटार उपसणाऱ्यालाही दिसत नसेल, असं जित्याचं पक्कं मत होतं. नाव तसं प्रसेनजीत. बापानं मोठ्या हौसेनं ठेवलेलं. कसबा बावड्यातल्या गल्लीनं त्याचं जित्या करून टाकलं, आणि पुढं कोल्हापूरभर तेच चाललं. कुणाच्या परसातले नारळ पाडायचे असोत, छपरावर आलेली आंब्याची फांदी उतरवायची असो, लोक जित्याला बोलवायचे.

वर गेलं की काय काय सापडायचं! पतंगाच्या मांज्यात पाय अडकून वाळलेला कावळा. तिसऱ्या मजल्यावरनं भिरकावलेल्या पिशव्या, आणि त्यात काय असायचं ते न विचारलेलंच बरं. खोडात निवडणुकीच्या फळ्यांचे बोट बोट लांब खिळे. खाली बुंध्याला पानाच्या पिचकाऱ्या. एका दुकानदारानं तर पाटी झाकतंय म्हणून गुलमोहराला भोकं पाडून ॲसिड ओतलं, आणि झाड वाळल्यावर जित्याला बोलावून म्हणतो कसा, "काय रोग पडला कुणास ठाऊक, जीव हळहळतो बघा." जित्याला भोकं दिसत होती, त्यांच्यावर थापलेला सिमेंटचा लपका दिसत होता. त्याला असली शिसारी आली की त्या दिवशी तो त्या माणसाच्या घरचा चहाही प्याला नाही.

चढायला तो बापाकडून शिकला. एक दावं कमरेला नि खोडाला मिळून टाकायचं, पाय अनवाणी, बाकी देवाच्या नव्हे तर आपल्याच हवाली. बाप तसाच पडून अधू झाला होता. मग शहाण्णव साली रुद्रेश भेटला. गडहिंग्लजकडचा, कापडदुकान चालवणारा, पण रविवार आला की दोर घेऊन कड्यांवर लटकणारा माणूस. त्याच्या दारातल्या माडावर चढताना त्यानं जित्याचं ते दावं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मरायचं हाय काय लेका?" रुद्रेश म्हणाला. "उतर खाली. तुला एकदोरी चढाई शिकवतो."

सहा रविवार शिकवलं. जुन्या मोज्यात वाळू भरायची, त्याला सुतळी बांधायची आणि तो मोजा भिरकावून उंचावरच्या जाड बेचक्यातनं पलीकडं टाकायचा. सुतळीमागं नायलॉनचा दोर ओढून घ्यायचा. दोराचं एक टोक बुंध्याला पक्कं करायचं, दुसऱ्यावर आपण चढायचं. कमरेला नि मांड्यांना पट्टा, आणि दोरावर जुमार, म्हणजे वर सरकते पण खाली सरकत नाही अशी दातेरी पकड. एक छातीशी, एक पायाशी. बसायचं, उठायचं, बसायचं, उठायचं. दोर जागचा हलत नाही, माणूस शिडी चढल्यागत वर जातो. खोडाला ना नख लागत, ना खिळा.

"मात्र सगळा भार बुंध्याच्या गाठीवर," रुद्रेशनं बजावलं. "नुसती गाठ मारू नको. आधी दोराचे तीन वेढे बुंध्याला टाक, मग गाठ. वर तुला कायबाय झालं तर खालचा माणूस गाठ सोडून, वेढ्यावरनं दोर हळूहळू ढिला करत तुला उतरवील. तीन वेढं असलं की बारीक अंगाची बाईसुद्धा तुझा भार पेलंल. आणि तिथं माणूस मात्र आपला उभा कर."

ते शेवटचं वाक्य जित्यानं मनावर घेतलं नव्हतं. मग एका बंगल्यात तो वर असताना तिथल्या ड्रायव्हरनं गाडी काढायला आड येतो म्हणून दोर सोडला. जित्या त्या वेळी फांदीवर उभा होता म्हणून वाचला. खाली आल्यावर ड्रायव्हर म्हणतो, "दोनच मिन्टं सोडला हुता की, परत बांधणारच हुतो." जित्याला संताप नाही आला, किळस आली. माणसाचा जीव दोन मिनिटांसाठी सोडून ठेवायचा, आणि परत बांधायचा म्हणे!

दुसऱ्या दिवसापासनं बुंध्याशी त्याची बायको सरू उभी राहायला लागली. रुद्रेशनं तिलाही वेढे शिकवले. लोक दात काढायचे, "बायकूला कशाला घिऊन हिंडतोस रं, पळून जाईल म्हणून व्हय?" जित्या हसायचा नाही. सरू तर त्यांच्याकडं बघायचीही नाही. तिची नजर गाठीवर. सात वर्षं ती पाणी प्यायलासुद्धा बुंधा सोडून गेली नाही.

सगळ्या कामांत एका कामाचा मात्र त्याला मनापासनं तिटकारा होता. वटपौर्णिमेच्या फांद्या. नवऱ्याला आयुष्य मागायचं म्हणून झाड पुजायचं, आणि झाडापर्यंत जायला सवड नाही म्हणून झाडच मोडून घरी मागवायचं. सकाळी हळदकुंकू, दुपारी त्याच फांद्या कचऱ्याच्या कोंडाळ्यात. एकदा कोंडाळ्यापाशी त्यानं म्हैस बघितली, ती दोऱ्यासकट फांदी चघळत होती.

तरी दोन हजार चार साली तो गेला. बोलावणं वहिनीसाहेबांचं होतं. कॉलनीत त्यांचा शब्द चालायचा, महिला मंडळ त्यांचं, आणि वर्षभराची झाडांची कामंही त्यांच्याच हातात. आदल्या दिवशी साठ फांद्या काढून झाल्या होत्या. पौर्णिमेच्या सकाळी त्यांचा माणूस जोतीराम बावड्याला हजर. हॉलमधल्या कुंड्यांत रोवायला आणखी चाळीस पाहिजेत.

जित्या कॉलनीतल्या वडावर चढला तेव्हा खाली सरूशिवाय कुणी नव्हतं. पालिकेनं पारंब्या पार वरपर्यंत छाटून टाकल्या होत्या, धरायला काही नाही. तीस-चाळीस फूट वर, तो एका आडव्या फांदीच्या टोकाशी पट्ट्यात लोंबकळत करवत चालवत होता. तेवढ्यात खाली बायका जमल्या. नऊवार शालू, नथी, हातात ताटं. हॉलमधल्यांना फांद्या, पण मंडळाच्या ह्या बायका फोटोसाठी वडालाच फेऱ्या घालणार होत्या; फोटोवालाही आला होता.

वहिनीसाहेबांनी बुंध्याकडं बघितलं आणि भुवया वर गेल्या. "हा दोर कशाला इथं? सूत कुठं गुंडाळायचं?"

"वर माणूस हाय, ताई," सरू म्हणाली. "चार फांद्या ऱ्हायल्यात. आत्ता उतरतील."

"मुहूर्त टळतोय अगं. पाच मिनिटं काढ तो. त्याला म्हणावं, फांदीला धरून बस तेवढा वेळ."

जित्यानं ते वरनं ऐकलं. धरून बस म्हणे. तो काय वटवाघूळ होता?

"न्हाय काढायचा," सरू म्हणाली. "मी हितनं हलणार न्हाय."

"तू नाही का पूजत?"

"आमच्यात न्हाय. आम्ही बौद्ध."

वहिनीसाहेब काही वाईटसाईट बोलल्या नाहीत. नुसत्या, अंगावर शिंतोडा उडाल्यासारख्या, पदर सावरत अर्धं पाऊल मागं झाल्या. "मग तर जरा लांबच उभी राहा ना बाई. पूजेची जागा आहे."

जित्याला खाली थुंकावंसं वाटलं, पण खाली सरू होती. त्यानं करवत कमरेला अडकवली आणि ओरडला, "उतरतो मी! दोराला हात लावू नगासा!"

पण एव्हाना आरती सुरू झाली होती. बायका ताटं घेऊन पुढं सरकल्या आणि सरू त्या रेशमी गर्दीत बुंध्यापासनं चार हात मागं ढकलली गेली. फेऱ्यांना सुरुवात झाली, सूत गुंडाळलं जाऊ लागलं. आणि पलीकडच्या बाजूनं जोतीराम वाकला. वहिनीसाहेबांचं काम अडलंय एवढंच त्याला दिसत होतं. त्यानं गाठ सोडली. एक वेढा काढला, दुसरा काढला.

"अवो, धरा कायतरी!" सरूची किंकाळी आली.

तिसरा वेढा सुटला आणि जित्या खाली गेला. बेचक्यात दोर करकरला. मधेच झटका बसून वेग मोडला, आणि तो खालच्या जाड फांदीवर खांद्यानं आदळला. डाव्या हातानं त्यानं तिला मिठी मारली. उजवा हात खांद्यातनं निखळल्यागत लोंबत राहिला. डोळ्यांपुढची अंधारी गेल्यावर त्यानं खाली बघितलं. सरू बुंध्याशी पसरलेली होती, पळता दोर तिनं नुसत्या तळव्यांनी धरला होता. ताटं विस्कटली होती, आंबे गडगडले होते. सरूच्या तळहातांची साल गेली होती.

मग वहिनीसाहेब म्हणाल्या, "बघ, धरून बसला की नाही? उगीच आकांत केलास. दोन मिनिटांत फेऱ्या होतील, मग बांध."

दोन मिनिटं. इथंही दोनच. जित्या फांदीला गाल लावून पडला होता आणि त्याला ह्या अख्ख्या गावाची किळस आली. ह्यांच्या ताटांची, नथींची, कॅमेऱ्याकडं वळलेल्या तोंडांची. सात जन्म मागताहेत, आणि ह्या जन्मातला एक माणूस वर टांगलाय तो ह्यांच्या मुहूर्ताच्या आड येतोय. डाव्या हाताची पकड सुटत चालली होती. दोन मिनिटं तो टिकणार नव्हता, हे त्याला कळत होतं आणि खाली सरूला कळत होतं.

सरू उठली. दोराचं टोक काखेत धरून बुंध्याशी गेली. आता तिथं सूतच सूत होतं, बोटभर जाड; त्यावर वेढे टाकले तर दोर घसरणार.

"ते तोडू नकोस!" वहिनीसाहेब पुढं झाल्या. "अपशकुन होतो. एवढ्या जणींचं सौभाग्य आहे ते!"

सरूनं बोटांनी सूत तोडायला बघितलं. बोटं मिटेनात. मग तिनं बुंध्याला तोंड लावलं, सूत दातात धरलं आणि मान झटकून तोडलं. परत धरलं, परत तोडलं. हळदीनं, रक्तानं तिचे ओठ माखले. तुटलेलं सूत बुंध्यावरनं गळून तिच्या पायांशी पडलं. कुणाची तिला हात लावायची छाती झाली नाही.

मग दोर घेऊन सरू वडाभोवती फिरायला लागली. एक. दोन. तीन. बायका ताटं छातीशी धरून तिच्या वाटेतनं बाजूला झाल्या. तिसरा वेढा पडल्यावर तिनं दोर ताणून घेतला, पदर तळव्यांना गुंडाळला, पाय बुंध्याला रोवला आणि वर बघितलं.

"सोडा आता फांदी," ती म्हणाली. "मी हाय."

जित्यानं फांदी सोडली.